डावीकडे कोणी आहे का

मुलुंड पूर्व,
रविवार, दुपार

प्रिय निहार,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला आधी धसका बसेल, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की घरी सगळे बरे आहेत. आईच्या गुडघ्यांचे टाके कधीच निघाले. वॉकर घेऊन ती गॅलरीपर्यंत जाते आणि खाली उभ्या असलेल्या अप्पांच्या जुन्या फियाटकडे बघत बसते. अप्पा तुला व्हिडिओवर दिसतात तसेच ठणठणीत आहेत. तुझा फोन आला की तो लगेच स्पीकरवर जातो आणि तुझे मेसेज अप्पा आधी वाचून मग आम्हाला वाचून दाखवतात, हे तुला ठाऊक आहे. माझा फोनही घरी त्यांच्याच हाती असतो, त्यामुळे त्यांच्या कानावर जाऊ नये असं काही लिहायचं तर कागदच हवा. आमच्या ऑफिसातला विकी शुक्रवारी कामासाठी तुमच्या स्टुटगार्टला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतेय.

तू पाठवलेला गाड्यांचा तक्ता पाहिला. तू गाड्यांच्या देशात राहतोस, तेव्हा तुला तिथलीच गाडी चांगली वाटणार यात नवल नाही. आईचे गुडघे बदलल्यावर तिला फियाटच्या खोल सीटमध्ये बसता-उठता येणार नाही, दुसरी गाडी घ्यावीच लागेल, हे ऑपरेशनच्या आधी ठरलं होतं. कुठली घ्यायची यावर मात्र घरात तीन पक्ष पडले. तुझा परदेशी, माझा देशी आणि अप्पांचा फियाटचा. अप्पांच्या पक्षात ते एकटेच आहेत, तरी बहुमत त्यांचंच. तुझ्या गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे आहेत, कबूल. पण तिचं पोट आमच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरला घासणार, आरसा फुटला तर नवा येईपर्यंत वाट बघायची, आणि नवघर रोडला दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना समोरून बस आली की तेवढी रुंद गाडी घालायची कुठे? रोज चालवायची गाडी आहे रे, वरातीत मिरवायची नाही. अप्पांचं म्हणणं तर तुला पाठच असेल. गिअर स्टीअरिंगलाच आहे, घाटकोपरचा दशरथ मेकॅनिक अजून पार्ट शोधून आणतो, आणि मुख्य म्हणजे काचा मोठ्या, खांब बारीक, आत बसलं की चारही बाजूंचं दिसतं. नव्या गाडीत माणसाला पेटीत घातल्यासारखं वाटतं. चारही बाजूंचं दिसतं, हे ते लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही ऐकवतात.

तुला आठवतं, आपण लहान असताना आई गाडीत एक अक्षर बोलायची नाही. आपण मागे मारामारी करायचो, अप्पा ओरडायचे आणि ती वेलदोडा चघळत बाहेर बघत बसायची. गेली दोन वर्षं मात्र गाडीत बसलं की तिची टकळी सुरू. अहो, रिक्षा आली हं. अहो, ती बाई बघा किती सामान घेऊन निघालीय. अहो, तो सायकलवाला. आम्ही तिला आकाशवाणी म्हणायला लागलो होतो. मागच्या दिवाळीत तू आला होतास तेव्हा तूही वैतागलास, की आई, त्यांना चालवू दे ना शांतपणे. ती गप्प झाली आणि पुढच्याच वळणावर पुन्हा सुरू झाली. अप्पांनी मात्र तिला कधीच गप्प बस म्हटलं नाही. याचं आपल्याला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

महिन्यापूर्वी आम्ही एलबीएस रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. माझ्या पक्षाची गाडी, साधी, उंच सीटची. आईने वॉकर बाजूला ठेवला, दाराला धरून बसली, उठली, पुन्हा बसली, आणि कुणाचा हात न धरता उठता आलं म्हणून लहान मुलीसारखी खूश झाली. मग ती आत चहा पीत बसली आणि अप्पा चक्कर मारायला निघाले. शेजारी शोरूमचा माणूस, मागे मी. सिग्नलवरून डावीकडे वळताना गाडी एकदम पीक पीक करायला लागली. अप्पा म्हणाले, हे काय वाजतंय? आणि वळतच राहिले. तो माणूस सर, सर करून ओरडला तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. बॉनेटच्या डाव्या टोकाला एक बाई उभी होती, हातात भाजीची पिशवी. फुटपाथवरून ती उतरली, रस्त्यात आली, आमच्याकडे बघून थबकली, हे सगळं मी मागच्या सीटवरून पाहिलं होतं. मला वाटत होतं अप्पाही बघतायत. बाईने बॉनेटवर थाप मारली, काहीतरी बोलली आणि गेली. अप्पा म्हणाले, यंत्र उगाच बोंबलतं. आम्ही परत आलो तेव्हा आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून मी त्यांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे, निहार. समोरचं सगळं दिसतं, पेपर वाचतात, भिंतीवरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली, लायसन्सही त्याच जोरावर मिळत आलंय. पण कडा गेल्यात. दोन्ही डोळ्यांच्या, आणि डावीकडचं जवळजवळ नाहीच. गेलं ते परत येत नाही, थेंबांनी फक्त उरलंय ते टिकवायचं. गाडी बंद करा, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अप्पांनी मान डोलावली, त्यांचे आभार मानले आणि लिफ्टमध्ये मला म्हणाले, समोरचं दिसतंय तोवर काही अडत नाही.

त्या संध्याकाळी आईने सगळं सांगितलं. तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. जेवताना ताटाच्या डावीकडचं पाण्याचं भांडं अप्पांच्या हाताने उडायचं, चटणी तशीच राहायची. मग ती चटणी-कोशिंबीर उजवीकडे वाढायला लागली. मी बघितलं होतं ते, आणि आईचं वय झालं म्हणून हसले होते. रोज सकाळी माझ्या रेवतीला शाळेत सोडायला अप्पा निघाले की आई हवा खायला म्हणून बरोबर जायची. गुडघे सुजलेले असायचे, तरी जायची. ऑपरेशन वर्षभर का पुढे ढकलत होती, ते मला आत्ता कळलं. डाव्या सीटवर बसायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. बाथरूममध्ये पडली म्हणून नाइलाज झाला, आणि ॲडमिट व्हायच्या आधी मला म्हणाली, गाडीला पेट्रोलचा वास येतो, रेवतीला काही दिवस रिक्षाने पाठव. पोरीने ऐकलं नाही, आजोबांबरोबरच जायचं म्हणाली आणि मी पाठवत राहिले. माझी मुलगी त्या गाडीत होती, निहार, आणि शेजारी आई नव्हती.

मी आईवर खूप चिडले. सांगितलं का नाहीस म्हणून अक्षरशः ओरडले. ती म्हणाली, रिटायर झाले तेव्हा ते सहा महिने खुर्चीत बसून होते, ते तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलंय. तिच्या दृष्टीने तिने तोडगा काढला होता. तिचे डोळे आणि त्यांचे हात. मला राग येतो आणि दोघांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटतं.

रेवतीला आता स्कूलबस लावलीय. मैत्रिणींबरोबर जायचंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पा त्याच वेळेला गाडी पुसून खाली उभे होते. म्हणून मी म्हटलं, मला स्टेशनला सोडा. तेव्हापासून मी आईच्या जागेवर बसते. पहिल्या दिवशी म्हटलं, अप्पा, डावीकडे रिक्षा. ते फटकन म्हणाले, दिसतंय मला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वळणावर त्यांनी गाडी थांबवली. मागचे हॉर्न वाजवत होते. ते समोर बघत तसेच बसून राहिले, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “डावीकडे कोणी आहे का गं?”

मी म्हटलं, “कोणी नाही, अप्पा.” त्यांनी गाडी वळवली. त्यांना माहीत आहे. आईला वाटायचं ती लपवतेय आणि त्यांना वाटतं ते लपवतायत. मला सोडून परतीच्या वाटेवर ते एकटे असतात. पोचले असा आईचा मेसेज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, आणि रस्त्यावर भाजीची पिशवी घेतलेली प्रत्येक बाई मला तीच वाटते.

किल्ली लपव, बॅटरी काढून ठेव, असं तू म्हणशील. तेही केलं असतं. आईने माझा हात धरला. म्हणाली, “हिसकावून घेऊ नका गं त्यांच्याकडनं. कुणीतरी मागा. मागितली तर देतील.” मी मागून बघितली. म्हणाले, तुला कशाला, तुझ्यासाठी नवी घेतोय ना. दशरथ एकदा विकत मागत होता, त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. मग आईने तुझं नाव घेतलं.

तुझ्या कॅमेऱ्याचं तुला माहीत नसेल. दहावीला अप्पांनी दिलेला, जर्मनीला जाताना तू कपाटात ठेवून गेलास तो. माझ्या साखरपुड्याला फोटो काढायचे होते, तर अप्पा शेजारच्या राजारामकाकांकडे जाऊन त्यांचा कॅमेरा मागून घेऊन आले. मी म्हटलं, आपला आहे की घरात. म्हणाले, तो निहारचा आहे. अजूनही दसऱ्याला तो बाहेर निघतो, पुसला जातो, फूल वाहिलं जातं आणि परत आत जातो. एकदा दिलेल्या वस्तूला ते हात लावत नाहीत. जपतात, वापरत नाहीत.

आणि फियाटचं तू विसरला नसशीलच. पहिली नोकरी लागली त्या आठवड्यात तू ती एका दिवसासाठी मागितलीस आणि अप्पा म्हणाले, स्वतःची घे, मग चालव. तू हातात घेतलेली किल्ली टीव्हीवर ठेवलीस, आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाहीस. जर्मनीचं तिकीट नाही, घरासाठी मदत नाही, साधा सल्लासुद्धा नाही. नवी गाडी घेतलीस की त्यांना फोटो पाठवतोस. फोटोखाली तू काही लिहीत नाहीस. ते तो राजारामकाकांना दाखवून येतात. आईने परवा मला जे सांगितलं ते तुला कळायला हवं. अप्पा पेट्रोल दर शनिवारी भरतात. तो बुधवार होता. तू चिडून निघून गेल्यावर ते खाली गेले, टाकी पूर्ण भरून आणली, गाडी धुतली आणि किल्ली तुझ्या टेबलावर ठेवली. परत मागेल, म्हणाले आईला. तू रात्री आलास, किल्ली बघितलीस की नाही देव जाणे, सकाळी ती तिथेच होती. त्यांनी ती उचलून खिळ्याला अडकवली.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू फोन कर, आणि फियाट माग. आठवण म्हणून, जुन्या गाड्यांची आवड म्हणून वगैरे काही जोडू नकोस, त्यांना खोटं लगेच कळतं. मला ती हवीय, अप्पा, एवढंच म्हण. यात फसवणूक आहे का याचा मी खूप विचार केला. नाहीये. तुला ती हवीच होती. कधी नेणार विचारतील, तर येईन तेव्हा नेईन, तोवर सांभाळा, म्हण. मग ते तिला रोज पुसतील, उभ्या उभ्या इंजिन सुरू करून ठेवतील, दसऱ्याला हार घालतील, आणि चालवणार नाहीत, कारण ती निहारची आहे. मी माझ्या पक्षाची साधी गाडी घेते. आई मागे आरामात बसेल, अप्पा माझ्या शेजारी, डाव्या सीटवर. तुला जड जाईल, मला माहीत आहे, तू त्यांच्याच वळणावर गेलायस. पण वाट बघायला माझ्याकडे फार दिवस नाहीत. एकदा मागून बघितलीस, आता दुसऱ्यांदा माग रे. काल शनिवार होता, टाकी भरलेली आहे.

तुझीच,
अजूनही तुझ्याशी भांडू शकणारी,
क्षमाताई