दर्यावारोची दुसरी कॅसेट

मालवण,
५ जुलै २००७

प्रिय विठोबा,

नमस्कार. आम्ही सगळी ठीक. मासेमारीची बंदी लागली, तुझा ट्रॉलर देवगडच्या बंदरात उभा असेल. म्हणजे तू घरात आहेस आणि पत्र न वाचायला तुझ्याकडे सबब नाही. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "ते भायर गेलेत." एवढ्या पावसात रोज भायर कुठे जातोस रे?

कामाचं सांगतो. पणजीला विकी नावाचा एक पोरगा आहे, रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ चालवतो. आपल्या बँडच्या, 'दर्यावारो'च्या, दोन्ही कॅसेटी मिळून त्याला सीडी काढायची आहे. पहिली त्याला तोंडपाठ. दुसरी म्हणे कुठे मिळतच नाही. मिळेल कशी? खपलीच कुठे होती! माझ्याकडे एक होती. बुरशी पुसली, पेन्सिल घालून फीत गुंडाळली आणि एकोणीस वर्षांनी गेल्या रविवारी लावली.

विठू, डोकं फिरलं माझं. गिटार चांगली आहे. बाबूचा ड्रम तर असा की तो आज असता तर उठून मिठी मारली असती. चाली पहिल्या कॅसेटपेक्षा सरस, आणि त्या सगळ्या तुझ्या. तरीही मेलं काही हलत नाही आत. 'मला सांग ना, सागर कुठे संपतो.' अरे, कोण बोलतं असं आपल्याकडे? तुझी मूळ ओळ होती, 'माका सांग गो, दर्या खंय संपता'. त्या 'खंय'वर तू आवाज एवढा लांब सोडायचास की बाबू काठ्या थांबवून ऐकत राहायचा. 'कुठे'मध्ये तोच सूर दोन तुकडे होऊन पडतो.

सुशीला आत भाकऱ्या थापत होती. तुझा आवाज तिला ओळखूच येईना, तिथूनच ओरडली, "हो विठू न्हय! हो खंयचो मास्तर गाता?" मी खटकन टेप बंद केला आणि तिच्यावर उगाच डाफरलो. दोन दिवस घरात बोलणं नाही.

विकीने ऐकली तेव्हा त्याचंही तेच. म्हणतो, ही अशी काढण्यात अर्थ नाही, विठोबाकाकांनी मूळ शब्दांत नव्याने गावी. मी म्हटलं, तो गात नाही आता. "का?" म्हणाला. काय सांगणार? नेहमीचं सांगितलं. कॅसेट कंपनीला शुद्ध मराठी हवी होती, म्हणून आम्ही शब्द बदलले, कव्हरवर बँडचं नावसुद्धा 'सागरवारा' केलं, आणि विठोबाचं मन उडालं.

खोटं आहे हे. सगळ्यांना सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं, पण तुला लिहिताना हात पुढे जाईना. कंपनीने काही मागितलं नव्हतं. उलट त्यांचं पत्र आलं होतं, पहिल्यासारखीच मालवणीत करा म्हणून. ते मी तुला आणि बाबूला दाखवलंच नाही. पुण्याहून बी.एड. करून मी नुकताच हायस्कुलात लागलो होतो. तिकडे होस्टेलवर वर्षभर माझ्या 'माका-तुका'ची नक्कल झाली होती, अगदी जेवणाच्या रांगेतसुद्धा. वाटलं, त्या पोरांच्या हाती कॅसेट पडलीच तर शुद्ध पडू दे. मला लाज वाटत होती विठू, तुझ्या बोलण्याची आणि माझ्या आयशीच्या बोलण्याची.

स्टुडिओत तुला एकेक ओळ सतरा वेळा गायला लावली. काचेपलीकडून वर्गात ओरडावं तसा ओरडत होतो, "माका नव्हे, मला!" तू घाम पुसायचास आणि पुन्हा सुरू करायचास. कॅसेट आपटली तेव्हा म्हणालास, "शुद्ध जमला नाय माका. माझ्यामुळे बुडला." आणि मी गप्प बसलो. एक शब्द बोललो असतो तर निदान भजनात तरी तू तोंड उघडलं असतंस. बाबूच्या तेराव्याला आपण समोरासमोर बसलो होतो. तू एवढंच विचारलंस, "च्या घेतलंस?" तेव्हाही गिळलं.

तुझी गाण्यांची वही हरवली असं मी सांगितलं होतं ना? हरवली नव्हती. माझ्याच कपाटात होती. हे पत्र तिच्यात घालून सकाळच्या देवगड गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. पोस्टावर माझा विश्वास नाही, आणि माझ्यावर तर त्याहून नाही.

विकीला मी शब्द दिलेला नाही. तुका गाणा गावचा नसात तर गाव नको. गाळी घाल, माझी ना नाय. पण तुझ्यामुळे काय बुडूक नाय, बुडयलंय मियां, ह्या तुका कळाक होया होता. उत्तर दी रे. तुका जसा येता तसा लिव. मी काय्येक सुधारूचंय नाय.

तुझो,
शिवा