पाण्याची गोळी

सर, आज सकाळी मी माझ्या पोरीला रिंगमध्ये उतरूच दिलं नाही, आणि आता दवाखान्यात तिच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. पोरगी माझ्या पोटची नव्हे, माझ्याकडे बॉक्सिंग शिकणारी. एकोणीस वर्षांची, कुंभारी गावची. आई विड्या वळते. चार वर्षं ती पहाटेच्या बसनं सोलापुरात येते आणि एकदाही उशीर केलेला नाही. तिचा डावा हात तुम्ही पाहायला हवा होता. आतून कुणाचा आवाज आला की माझं पेन थांबतं.

आज जिल्ह्याची निवड होती, अठ्ठेचाळीस किलोच्या गटाची. परवा काट्यावर उभी केली तर पावणेदोन किलो जास्त. मी घाबरले, आणि घाबरले की माझा आवाज चढतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, "कसंही कर, पण रविवारी अठ्ठेचाळीस दिसलं पाहिजे." आज काटा बरोबर अठ्ठेचाळीसवर थांबला. खरं सांगते, मला नुसता आनंद झाला. कसं उतरलं, हे विचारायचं सुचलंच नाही. हाताला पट्टी बांधायला घेतली तेव्हा तिची बोटं आपोआप वाकडी वळली. ओठांना पांढरी सालपटं. एवढ्या उकाड्यात, एवढ्या उड्या मारून, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"काय घेतलंस?"

"काय न्हाय, मॅडम."

"बॅग दे इकडं."

मोज्यात गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट निघालं. चार जागा रिकाम्या होत्या. "जिममधल्या दादानं दिली," ती म्हणाली. "ताकदीची न्हाय ओ मॅडम, नुसती पाण्याची गोळी हाय. लघवीला होतं, वजन उतरतं." ही गोळीसुद्धा खेळाडूंसाठीच्या बंदीच्या यादीत आहे, हे तिला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी बंदीची भीती वाटली नाही. असं सुकलेलं अंग घेऊन ती उभी राहणार आणि समोरची तिच्या डोक्यावर मारणार, एवढंच दिसत होतं. तिनं माझं मनगट धरलं. "तीनच राउंड हायती. मी मार खाणार न्हाय, लांबूनच खेळते की." मी हात सोडवून पंचांच्या टेबलाकडे गेले. नाव मागे घेतलं. "कारण काय लिहू?" तिथल्या माणसानं विचारलं. तब्येत बरी नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. मी गोळीचं नाव सांगितलं, आणि त्यानं ते लिहून घेतलं. मागे वळले तर ती भिंतीला टेकून खाली बसली होती. रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

तिची आई दुपारी आली. दारातच मला म्हणाली, "तुमीच म्हणला की, कसंबी कर. दोन दिस पोरगी पाण्याचा घोट घेईना. मी इचारलं तर म्हणती, मॅडमनी सांगितलंय."

"व्हय, मी म्हणाले," मी म्हटलं. "चूक माझी."

ती आत लेकीकडे गेली. आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. बार्शीच्या स्पर्धेत मी दुसऱ्या राउंडला पडले, तेव्हा सतरा वर्षांची होते. एक साधा उजवा ठोसा बसला आणि डोळे उघडले ते दवाखान्यात. चार दिवसांनी कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही थेट आमच्याकडे येता. आई भाकरी थापते आहे. तुम्ही उंबऱ्याशीच उभे. "वयनी, चूक माझी. वजनापायी पोरीला लई पळवलं मी." तव्यावरची भाकरी करपते, तरी आईचा हात हलत नाही. मी आतल्या खोलीत अंथरुणावर पडून ऐकते आहे. सर, स्पर्धेच्या सकाळी मीही पाण्याच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. मोठ्या गटातल्या एका मुलीनं दिलेल्या. एवढंच आतून ओरडून सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. त्यानंतर तुम्ही कुणालाच स्पर्धेला नेलं नाही. लहान पोरांना नुसतं उभं राहायला आणि पाय हलवायला शिकवत राहिलात. लोक तुम्हाला भित्रा म्हणाले, तेही मी ऐकलं.

मघाशी डॉक्टर बाहेर आले. क्षार फार उतरलेत, सलाईन चालू आहे, हृदयाचे ठोके अजून नीट पडत नाहीत, उद्यापर्यंत इथंच ठेवू, म्हणाले. मी आत डोकावले तर पोरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पुन्हा माझ्याकडे येईल की त्या जिममध्ये जाईल, तिच्यावर बंदी येईल का, काहीच कळत नाही. आधी ठोके नीट पडू देत.

हे पत्र तुमच्या पत्नीच्या पत्त्यावर टाकता येईल. बाई अजून त्याच घरात राहतात. पण मी टाकणार नाही. तुम्ही गेल्यावर मी त्यांना त्या दोन गोळ्यांचं सांगायचं ठरवूनच गेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बार्शीचं त्यांनी लई मनाला लावून घेतलं बघ. शेवटपर्यंत म्हणायचे, पोरीला माझ्यामुळं लागलं." मी मान हलवली. त्यांनी दिलेला चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले.