नव्वद बिननावाचे डबे

(मटारच्या डब्याचा कागद, मागची बाजू)

अहो, डब्यांवरचे कागद सोलायला मीच सांगितलं होतं. होडीत पाणी शिरलं की ते भिजून पाणी उपसायच्या पंपात अडकतात. पण आधी प्रत्येक डब्यावर मार्करने नाव लिहा, हेही सांगितलं होतं. तुम्ही "हो हो" म्हणालात आणि नव्वदच्या नव्वद डबे सोलून मोकळे झालात! आता महासागरात महिनाभर रोज डबा कानाशी हलवायचा आणि जेवण ओळखायचं.

(अननसाचा कागद. मटारवरची जागा संपली.)

डब्यांचं जाऊ द्या, मिळेल ते खाऊ. पण तिथे लाटांमध्ये मी ओरडेन, "आधी कमरेचा पट्टा होडीच्या दोराला अडकवा, मग शिडापाशी जा," आणि तुम्ही तसेच शिडापाशी जाल. तुमच्या कानात "आधी" शिरतच नाही. मग मी एकटीने तुम्हाला पाण्यात कुठे शोधायचं?

बंदराच्या कचेरीत चालले आहे. शुक्रवारी आपण निघत नाही, असं कळवून येते. काय चिडायचं ते इथेच चिडून घ्या. भर समुद्रातून मला माहेरी निघून जाता येणार नाही.