बिट्टीचा स्विंग आणि आपलं गप्प बसणं

बुधवार, १४ तारीख
दुपारची भांडी झाल्यावर

चि. बाळ यास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीनं आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, चौथीपर्यंतच्या शाळेत याहून बरं अक्षर येत नाही.

तर रविवारी सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? शेजारची नर्स. पाहुणे दहाला यायचे होते, ही नऊलाच दारात. डोळे रात्रपाळीनं सुजलेले आणि हातात ते गोल्फच्या सरावाचे, भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू. म्हणते, "आजी, तुमच्या नातीचे. पूर्वी माझ्या कुंड्यांत बादलीभर पडायचे, हल्ली ओंजळही भरत नाही. म्हटलं, पोरगी आजारी तर नाही ना?"

मी म्हटलं, आजारी कशाला, सुधारली. मग चहाला बसली ती उठायचं नावच घेईना. तिलाही कोचबाई बघायच्या होत्या.

पाहुणे म्हणजे कोचबाई आणि क्लबाचे सेक्रेटरी. बिट्टीला क्लबाच्या टीममध्ये घ्यायचं की नाही ते ठरवायला आले होते. मैदानावर सगळ्यांच्या देखत तिचं बिघडतं, म्हणून कोचबाई म्हणाल्या, आधी घरी बघू. सेक्रेटरी फार इस्त्रीचा माणूस. मागच्या अंगणात आपली खुर्ची एकच, ती बाईंना दिली, यांना बादली उपडी करून दिली. घडी मोडू नये म्हणून अर्धेच टेकले. नर्स उंबऱ्यात.

आता स्विंग म्हणजे काय ते तुला काय सांगायचं. माझ्या लेखी काठी मागे न्यायची आणि फिरवायची. पण ती दर वेळी तश्शीच फिरायला हवी, सगळी मेख त्यातच आहे म्हणे. कोचबाईंनी तिला एक ठरलेली रीत लावून दिलीय. चेंडूमागे उभं राहायचं, कुठं मारायचंय ते एकदा बघायचं, श्वास सोडायचा आणि मारायचं. चुकला तरी पुढच्याला काही बदलायचं नाही. आणि बघणाऱ्यानं चेंडूबद्दल चकार शब्द काढायचा नाही, चांगला गेला तरी.

हा शेवटचा नियम कोणासाठी आहे ते मला बरोबर कळलं. पहिल्या दिवशी मी नुसतं "अगं बाई, गेला की भिंतीवरून" म्हटलं, तर पुढचे सगळे भिंतीवरूनच गेले. तेव्हापासून तिचा सराव सुरू झाला की मी तोंडात लवंग धरून बसते. जीभ झोंबते, पण गप्प राहते. सूनबाई परवा बघून म्हणाली, "आई, ही युक्ती मला लग्न झाल्या झाल्या सांगायची होती. डबा भरून आणून दिल्या असत्या." तिची जीभ तरी कुठे गप्प असते म्हणा.

बरं. तर दोरीवर जुनी रजई टाकलेली, आणि बिट्टी मारतेय. ठप्प, ठप्प, सगळे रजईच्या मधोमध. सेक्रेटरी हळूहळू बादलीवर पुरते बसले, इस्त्रीचं भान सुटलं. मी मनात म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात ओट्यावर तिचा फोन वाजला. तिनं नुसती मान वळवून बघितलं आणि परत उभी राहिली. पुढचा चेंडू नर्सच्या कुंड्यांत. त्याच्या पुढचा पाण्याच्या टाकीवर. नर्स म्हणाली, "आला माझा हप्ता." कोणी हसलं नाही.

हे लिहायचं टाळत होते, म्हणून वर एवढं लवंगेचं पुराण लावलं. फोनवर तुझा मेसेज होता. डावं कोपर सरळ ठेव, कालचा व्हिडिओ पाठव. पाहुणे आलेत हे तुला माहीत नव्हतं, तिनंच मला सांगू दिलं नव्हतं.

कोचबाईंनी विचारलं, "कोण आहे?"

"बाबा."

"काय सांगतात?"

"आज कोपर. काल गुडघे. त्याच्या आधी डोकं." मग घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हणाली, "मारताना मला त्यांचा आवाज ऐकू येतो. ते नसले तरी."

बाळा, क्लब जवळ पडतो म्हणून ती माझ्याकडे राहते, असं आपण सगळ्यांना सांगतो. पडतोच जवळ. पण मागच्या स्पर्धेहून येताना तू गाडीत रस्ताभर तिच्या चुका मोजत होतास, आणि माझ्या दारात ती उतरली ती उतरलीच, दप्तरसुद्धा मागवून घेतलं. हे तुला, मला आणि तिला ठाऊक आहे. तुला रागवायला लिहीत नाही. जीव नसता तर कोण एवढे व्हिडिओ बघत बसेल? ऑफिसातून आल्यावर जेवायचं सोडून तू हॉलमध्ये झाडू धरून तिच्यासाठी स्विंग करून बघतोस, सूनबाईनं सांगितलंय. दिव्याची काच कशी फुटली तेही.

कोचबाई म्हणाल्या, "आजी, हिचा स्विंग वाईट नाही हो. पण दर आठवड्याला नवा असतो. एकच राहिला असता तर केव्हाच टीममध्ये असती."

सेक्रेटरी म्हणाले, "मग वडिलांना लांबच ठेवा."

बाई म्हणाल्या, "लांब किती दिवस ठेवणार? स्पर्धेला सगळ्यांचे आईबाप येतात. पुढच्या वेळी त्यांना इथंच बसवू. त्यांच्यासमोर हाच स्विंग टिकला, की मी टीममध्ये नाव घालते."

सगळ्यांनी बिट्टीकडे बघितलं. ती चेंडू गोळा करत होती, गोळा करून झाले तरी करत होती. मग म्हणाली, "येऊ देत. पण बोलायचं नाही. नंतर पण नाही. गाडीत पण नाही."

आणि पुन्हा मारायला उभी राहिली. फोन तिथंच, चालू. पहिला जरा वाकडा गेला. तिनं काही बदललं नाही. दुसरा मधोमध.

पाहुणे गेल्यावर कप विसळताना माझ्याकडे पाठ करून विचारते, "आजी, बाबा येतील ना?" त्या 'ना'साठी हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच बोलतोस, आणि मग मला माझं राहिलेलं आठवत नाही.

कुठं कोपऱ्यात दडून बसू नकोस, तिला दिसशील असा बस. चांगला गेला तरी वाहवा करू नकोस, तीही नको आहे तिला. नुसतं बघ. मी गप्प बसू शकते तर तुला काय अवघड आहे.

उद्या सूनबाई येईल, तिच्या हाती पत्र देते. पाकिटावर 'बाबांना' असं बिट्टीनं लिहिलंय. मी सांगितलं नव्हतं.

कोचबाई आणि सेक्रेटरी येत्या रविवारी सकाळी परत येतो म्हणून सांगून गेलेत.

बिट्टीची आजी,
आणि तुझी आई