एकोणीस अंशांचं पाणी

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मागची चार पानांत संपली, पण तिला विषय नव्हता. आता आहे. पाणी.

संकल्प: रोज पावणेसहाला उठणे. चहात साखर बंद. नव्वद दिवस नळाच्या पाण्याचं तापमान मोजणे.

कारण नोंदवून ठेवतो. आमचं ऑफिस इमारती आधी कम्प्युटरवर उभ्या करून बघतं. किती तापतील, किती गारठतील, किती वीज खातील. सध्या माझ्याकडे वृद्धनिवासाचं गरम पाणी आहे. जुना बॉयलर काढून नवा हीटर आणि टाकी बसवायची आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो: नळातून येणाऱ्या पाण्याचं तापमान. पाणी जितकं गार येणार, तितकी टाकी मोठी. सगळा डोलारा त्या एका चौकोनावर. आणि लोक तो पुस्तकातल्या सूत्राने भरतात. नळाला हातसुद्धा न लावता.

सूत्र असं: वर्षभराच्या हवेची लाट काढा, ती थोडी मागे ढकला, कारण जमिनीला थंडी उशिरा कळते. म्हणजे सर्वांत गार पाणी फेब्रुवारीच्या मध्यावर, साडेआठ अंश. काल साहेब म्हणाले, सूत्र घाल आणि मोकळा हो. मी म्हणालो, मोजून सांगतो. त्यांनी मान हलवली. कौतुकानेच असणार.

आजचं माप: १९.

४ नोव्हेंबर, ६.२५

१९.

पद्धत: नळ उघडल्यावर येणारा पहिला पेला. त्यात थर्मामीटर. नळ बंद. एक थेंब वाया नाही. ही म्हणाली, चहाचं पाणी भरताना मी आधी जरा वाहू देते, तूही दे. मी तिला समजावलं की वाहून गेलेलं पाणी म्हणजे वाहून गेलेला डेटा. ती 'बरं' म्हणाली. अशा वादात मी सहसा जिंकतो.

साखर अर्धा चमचा. एकदम सोडणं शरीराला घातक.

९ नोव्हेंबर, ६.४०

१९. बाहेर कान कापणारा वारा, पाणी १९. सात दिवस ढिम्म हललेलं नाही. सूत्राची लाटबिट काही नाही. पालिकेचं पाणी बारा महिने एकोणीस अंशांवर येतं आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, असं दिसतं. अंगावर काटा आला. खिडकी उघडी होती म्हणूनही असेल.

११ नोव्हेंबर, रविवार

मावशीकडे गेलो. ती त्याच वृद्धनिवासात राहते, म्हणून हे काम मी मागून घेतलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मावशीने वाढवलं. आंघोळीचं पाणी ती बादलीत कोपर बुडवून बघायची. ती पद्धत मला तेव्हाही अशास्त्रीय वाटायची. पोळलो मात्र कधी नाही.

निवासाच्या दालनात खिडकीजवळ उन्हाची एक जागा आहे. तिथे मावशी आणि तिच्या तीन मैत्रिणी दिवसभर पत्ते कुटतात. सूत्राप्रमाणे मोठी टाकी घेतली, तर ती ठेवायला तीच एक जागा. मी शब्द दिला: तुमची जागा जाणार नाही. माझ्या मापाप्रमाणे लहान टाकी पुरते, ती जिन्याखाली मावते.

मावशीने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि मैत्रिणींना म्हणाली, "माझा भाचा आहे. हा बघेल."

हा बघेल. येताना बसमध्ये हे दोन शब्द मनात घोळवत होतो. माझा स्टॉप मागे गेला.

१८ नोव्हेंबर, ८.४५

१९. गेले चार दिवस उठवलं नाही. अंथरूण सोडवत नव्हतं, कारण थंडी. त्या रकान्यांत १९ भरलं. यात खोटं काही नाही. मोजलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

२६ नोव्हेंबर, ७.१५

लेकीला ताप. घरातला हीटर रात्रभर मोठा ठेवला होता. नळाचं पाणी २२. विचित्र योगायोग. लेक बारा वर्षांची आहे. अंथरुणातून म्हणाली, बाबा, पाण्यालाही ताप आलाय का. विनोदबुद्धी आईची घेतली आहे.

२२ वगळला. मोठमोठ्या संशोधकांना असे आकडे वगळावे लागले असतील.

१० डिसेंबर, सोमवार

शनिवार-रविवार मेहुणीकडे होतो. घर बंद, हीटर बंद. आज सकाळी परतलो, नळ उघडला, तर १२. पायाखालची जमीन सरकली.

पाणीपुरवठा खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, पाणी येत नाही का. मी म्हणालो, येतं. घाण येतं का. नाही, स्वच्छ येतं. मग तक्रार काय. मी म्हणालो, तुमचं पाणी माझ्या ग्राफमध्ये बसत नाही. त्यांनी फोन ठेवला. अशाने देश पुढे कसा जाणार.

संध्याकाळी परत मोजलं: १९. फोनचा परिणाम झालेला दिसतो.

१४ डिसेंबर

रिपोर्ट दिला. साहेब ग्राफकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, इतकी सरळ रेघ मी फक्त पट्टीने काढलेली पाहिली आहे. नळ कुठला, म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरचा, स्वयंपाकघरातला, अगदी खात्रीचा. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण मीटिंगला बोलावणं आलं. उठता उठता म्हणाले, सूत्र मोडतोयस, तेव्हा सही तुझी.

केली. फारच वळणदार आली.

शिवाय २० फेब्रुवारीला सगळ्या ऑफिससमोर माझं व्याख्यान ठरलं. शीर्षक: 'लाटेचा अंत'.

१२ जानेवारी

लहान टाकी जिन्याखाली बसली. प्लंबर मितभाषी माणूस. टाकीकडे बघून त्याने विचारलं, हे पिल्लू झालं, आई कधी येणार. मी त्याला सगळं मॉडेल समजावलं. तो दात कोरत ऐकत होता. मग पाइपाचं एक जादा तोंड त्याने भिंतीतून खिडकीच्या जागेकडे काढलं आणि बूच लावून ठेवलं. हे कशाला, विचारलं. असू दे, म्हणाला. ही माणसं जुन्या वळणाची. बदल पचत नाही.

खिडकीची जागा वाचली. मावशीने मला डाव मांडून खेळायला बसवलं. तीन डाव हरलो. डोक्यात व्याख्यान होतं.

२० जानेवारी

मावशीला फोन. पाणी कसं आहे, विचारलं. छान, म्हणाली. गरम असतं ना? तर म्हणाली, अरे, म्हाताऱ्या माणसाच्या आंघोळीला असं कितीसं लागतं.

नोंद: प्रत्यक्ष वापर मॉडेलहूनही कमी. याहून लहान टाकी चालली असती.

३१ जानेवारी

नव्वद दिवस पूर्ण. पैकी स्वतः मोजलेले एकेचाळीस. बाकीचे आत्मविश्वासाने भरलेले.

साखर दीड चमचा. हा ताण सगळ्यांनाच झेपतो असं नाही.

६ फेब्रुवारी

मावशीशी बोललो. हल्ली दुपारी आंघोळ करते. सकाळची गर्दी नको वाटते म्हणाली. खोकत होती. हवेमुळे, म्हणाली. वयोमानाने माणसाच्या सवयी बदलतात, हे मॉडेलमध्ये घ्यायला हवं.

व्याख्यानाचा कोट इस्त्रीला दिला.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४

निवासाच्या व्यवस्थापिकाबाईंचा फोन आला. लगेच या, म्हणाल्या. प्लंबरला सोबत घेऊन गेलो. हीटर बिघडला असणार, अशी खात्री होती.

हीटर उत्तम होता. बिचारा जिवाच्या आकांताने तापत होता. सकाळी पहिल्या तिघी-चौघींना पाणी गरम. मग कोमट. मग नुसतंच पाणी.

प्लंबरने तळघरात, रस्त्यावरचा पाइप जिथे इमारतीत शिरतो तिथला नळ उघडला आणि शांतपणे बघत उभा राहिला. पाणी वाहतंय, वाहतंय. मला राहवेना. बंद कर, म्हणालो. त्याने माझाच थर्मामीटर मागून धारेखाली धरला.

साडेआठ.

मग विचारलं, घरी कसं मोजत होतात. मी सांगितलं. पहिला पेला, सकाळी, एक थेंब वाया न घालवता. तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. वाईट वाटलं असावं त्याला.

"साहेब, ते रात्रभर तुमच्या नळात मुक्कामाला असलेलं पाणी," तो म्हणाला. "ते तुमच्या स्वयंपाकघराइतकंच गरम असणार. रस्त्यातलं पाणी तुम्ही कधी बघितलंच नाहीत."

बावीस अंश. लेकीचा ताप. बारा अंश. बंद घर. सगळं एकदम आठवलं. फोनवरच्या त्या बाईसुद्धा.

वर दालनात आलो. मावशी खोलीत झोपली होती. पत्त्यांतल्या मैत्रिणींपैकी सर्वांत उंच ज्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. महिनाभर मागून जाणाऱ्या सगळ्या गार पाण्याने आंघोळ करत होत्या आणि कुणी तक्रार केली नव्हती. कारण मावशीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या भाच्याचे आकडे चुकायचे नाहीत, आपलीच अंगं गारठली आहेत. आणि दुसऱ्यांना गरम मिळावं म्हणून ती स्वतः सर्वांत शेवटी जात होती.

"तिच्या तोंडाकडे बघून आम्ही गप्प होतो," त्या म्हणाल्या. "पण काल ती रात्रभर खोकली. मग मीच गेले व्यवस्थापिकाबाईंना सांगायला. तिला नका सांगू मी सांगितलं म्हणून."

मावशी उठली तेव्हा मी खाटेशी बसलो होतो. पाण्याचं चुकलं, एवढंच म्हणालो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. गार होता.

"अरे, पण जागा वाचवलीस की," ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी, ५.४५

वेळेवर उठलो. झोपच नव्हती.

पहिला पेला: १९. नळ बंद केला नाही. दुसरा पेला १७. सहावा १३. मोजत गेलो. विसाव्याला साडेआठ, आणि मग तिथेच. स्वयंपाकघरात उभा राहून पाणी वाहताना बघत होतो. ही आली, चहाचं भांडं धारेखाली धरलं. गेली चौदा वर्षं ती हेच करते आहे.

साखर दोन चमचे. तिनेच घातली.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. वगळलेला २२ सुद्धा. भरलेले एकोणपन्नास सुद्धा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, आधी मोठ्या टाकीचं बघ, तुला बोलायचं ते मी नंतर बोलेन. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, टाकी आली की दिवसभराचं काम, तोंड काढून ठेवलेलंच आहे.

टाकी बसवल्यावरच्या रिपोर्टमध्ये त्याच्या त्या जादा तोंडाबद्दल मी तक्रार लिहिली होती. खोडली.

२० फेब्रुवारी

व्याख्यान झालं. रद्द नाही झालं, लहान झालं. चार मिनिटं. शीर्षक बदललं: 'नळ आधी वाहू द्यावा'. साहेबांनी समारोप केला. म्हणाले, जगात एवढ्या चिकाटीने स्वतःच्या स्वयंपाकघराचं तापमान कुणी मोजलं नसेल. लोक हसले. मीही हसलो, एक क्षण उशिरा.

तरी एक नमूद करतो. सूत्राची लाट बरोबर होती हे प्रत्यक्ष मोजून सिद्ध करणारा ऑफिसातला पहिला माणूस मीच.

३ मार्च, रविवार

मोठी टाकी बसून तीन दिवस झाले. खिडकीची जागा गेली. आज मावशीकडे जाताना एक स्टॉप आधीच उतरलो.

दालनात पोचलो तर चौघी तिथेच. टाकीभोवती खुर्च्या मांडलेल्या, डाव रंगात आलेला. मावशी टाकीला पाठ टेकून बसली होती. खोकला कमी आहे. म्हणाली, ऊन काय, दुपारी तीनला जायचं. ही दिवसभर उबदार असते. उंच बाई म्हणाल्या, आम्ही पाळ्या लावल्यात टेकायच्या.

हात लावून बघितला. टाकी बाहेरून खरंच उबदार. म्हणजे उष्णता निसटते आहे. ती आत रोखणारं वरचं गुंडाळण अजून व्हायचंय, प्लंबर उद्या येणार आहे. माझ्या मॉडेलमध्ये निसटणारी उष्णता शून्य धरली होती. हे मोजलं पाहिजे. रोज सकाळी, नव्वद दिवस. डोक्यात नवं शीर्षकही येऊ लागलं होतं.

मावशीने वर बघितलं. उद्या तो माणूस नाही आला तर चालेल का, विचारलं.

व्यवस्थापिकाबाईंना गळ घातली. टेकायची तेवढी एक बाजू उघडी ठेवायला त्या तयार झाल्या. प्लंबरला फोन केला. त्याने कारण विचारलं नाही. असू दे, म्हणाला.

मग पाणी बघायला तिच्या न्हाणीघरात गेलो. खिसे चाचपले. थर्मामीटर घरी राहिला होता. बेसिनचं बूच लावून नळ उघडला, तेवढ्यात मावशी दारात येऊन उभी राहिली.

"थांब. आधी वाहू दे."

बूच काढून वाहू दिलं. मग परत लावलं, बाही वर केली, कोपर बुडवलं.

आजचं माप: गरम.