निळा पायजामा घातलेला कडूलिंब

मोर्शी

व्याही पंजाबराव यांस देवीदासचा मनापासून रामराम.

गुडघा आता जिना चढू देतो काय? वर्षाली मजेत आहे. आमच्या घरातली अक्कल तुमच्या लेकीच्याच वाट्याला आली. बाकीच्यांचं पुढे वाचा.

माझी खोड तुम्हाला ठाऊकच. सिनेमा पाहून आलो की मनकर्णा विचारते, नायिका कशी होती, अन् मी सांगतो, ती ज्याच्या आड लपली तो गुलमोहर भारी होता. (एकाही सिनेमाचा शेवट मला आजवर सांगता आला नाही.) तर नीलम नावाची एक सिनेमावाली बाई आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या कडूलिंबावर भाळली. भेगाळल्या सालीवरून हात फिरवत म्हणाली, "काका, हा माझ्या सिनेमातला आजोबा. याला बोलायची गरजच नाही." माझीच छाती फुगली, जसा मी कधी बोलतच नाही! इकडे तुमचा जावई मनोज तोच लिंब पाडायला टपलेला, सावलीत संत्रा वाढत नाही म्हणून. म्हणाला, "सिनेमात आला तं राहू द्या बाबा. नाही तं सोमवारी आरा लावतो."

आता पाहुणे येणार म्हटलं की आपण अंगण सारवतो की नाही? मी संत्र्याच्या बुंध्याला लावतो तेच चुना-मोरचूद कालवलं अन् लिंबाला कमरेइतकं जाड लिंपलं. सकाळी नीलमबाई येऊन पाहते तर आजोबा निळा पायजामा घालून उभे! मनकर्णा म्हणाली, "आता टोपीबी घाला त्याले, तुमचा भाऊच दिसते." काथ्यानं घासलं, तर साल निघाली, रंग नाही. बाईनं विचारलं, असा दुसरा म्हातारा आहे का कुठे? परवा तुमच्या अकोल्याच्या शेतात कॅमेरे घेऊन आले, त्यांना मीच पाठवलं होतं.

आपला,
देवीदास

ता. क. मनोज त्या पायजाम्याच्या दिवशी माल घेऊन नागपूरला होता. त्याला सांगितलं, शूटिंग झालं, रंग नंतर वाळवीसाठी लावला. तो बापाचं ऐकत नाही, पण सासऱ्याचा शब्द खाली पडू देत नाही. म्हणून विनंती, पडद्यावर स्वतःचा लिंब दिसला तरी ओळख दाखवू नका. पोरांचं लग्न आपण आमच्याच लिंबाखाली पक्कं केलं, एवढं आठवा.

ता. ता. क. वर्षाली लहानपणी तुमच्या लिंबाला झोका बांधायची, ती ओळखणारच, म्हणून काल तिला सारं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "बाबा, यायले पहिल्याच दिवशी समजलं होतं. किरायाचा आरा यायनं शनिवारीच वापस केला." तरी तुम्ही ओळख दाखवू नकाच. पोरगं एवढं सोंग घेऊन राहिलं, त्याचा हिरमोड कशाला?