मोडक्या छत्र्या

धाकटे,

मोडक्या छत्र्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवून विकायचं तुझ्या लग्नाआधीच माझ्या मनात होतं. सासऱ्यांना विचारलं, "करू का?" ते म्हणाले, "बघू." अजून बघताहेत.

तू मात्र जेवताना सरळ म्हणालीस, "बाबा, मी छत्र्यांच्या पिशव्यांचा कारखाना काढतेय. तुमची खोली लागेल." आणि ते हसत हसत खाट उचलून बाहेर आले! मी परवानगी मागत बसले, तू मदत मागून मोकळी झालीस. माझा नुसता जळफळाट झाला.

आज म्हणालीस, "ताई, तुमच्यासारखी शिलाई मला सात जन्मांत जमणार नाही. भागीदार व्हा ना."

"विचार करून सांगते," म्हटलं खरं, पण मशीनला तेलसुद्धा घालून झालंय.

हे पत्र फाडून टाकेन आणि होकार उद्याच देईन. आज एक दिवस तरी तू माझी वाट बघ.

तुझी थोरली जाऊ